पलीकडचं फडकं

सोमवार, ३

सुनेने ही डायरी आणून दिली. कुठल्याशा बँकेची, फुकटातली, तीही गेल्या वर्षीची. वर म्हणाली, "आई, मनात येईल ते लिहीत जा, हलकं वाटेल." मी काय पोटुशी आहे हलकं वाटायला? चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर संसार झाला, डायरीवाचून काही अडलं नाही. पण कोरा कागद वाया गेलेला बघवत नाही म्हणून लिहिते.

लिहायला टेबल म्हणजे शिलाई मशीनचा पाय. नुसता पाय, वर मशीन नाही. आमचे हे आणि यांचे थोरले भाऊ, दोघे एकाच मशीनवर शिवणकाम करायचे. वाटण्यांच्या वेळी दोघे त्या मशीनसाठी हटून बसले. शेवटी वरचं डोकं थोरल्याने नेलं, खालचा पाय आमच्याकडे राहिला. दोघांनी मिळून त्यावर पुन्हा एक टाका घातला नाही. असे हुशार. आता दोघेही गेले आणि भांडण तेवढं बायकांच्या नावावर ठेवून गेले. थोरली जाऊ पुलाच्या त्या टोकाला राहते, मी या टोकाला. तिला नाव आहे, पण मी पलीकडची म्हणते. तेवढं पुरतं.

लिहिताना पाय आपोआप खालच्या पट्टीवर हलतो. मेली सवय.

बुधवार, ५

आज आमच्या पुढच्या खोलीत मीटिंग. पूल बचाव समिती. सून तिची सचिव आहे. घरात मीठ संपलंय ते तिला माहीत नसतं, पण पुलाला किती कमानी आहेत ते पाठ.

गोष्ट अशी की सरकारी खात्याला जुना दगडी पूल पाडायचा आहे. अरुंद आहे, मधे फुगवटा आहे, अलीकडून पलीकडचं दिसत नाही. तिथेच नवा रुंद पूल बांधणार, आणि रस्ता रुंद करायला दोन्ही टोकांची घरं जाणार. म्हणजे आमचं आणि पलीकडचीचं. मुलगा म्हणतो, आपण नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर जाऊ. पलीकडची तिच्या मुलीकडे जाईल, दूर शहरात, रेल्वेने रात्र काढावी लागते तिथे. जाऊ दे. सकाळी उठून तिची खिडकी बघायला लागणार नाही, तेवढंच बरं.

समितीचा अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेला हेडमास्तर. मी त्याला खडूमास्तर म्हणते. माझ्याच वयाचा, आणि मला "आजी" म्हणतो. वहीत इतिहास लिहून आणला होता. पुलाचा फुगवटा म्हणजे प्रवाहाचा वेग ओळखून केलेला स्थापत्याचा चमत्कार आहे म्हणे.

मी म्हटलं, "कसला चमत्कार? दोन काठांनी दोन गवंडी लावले. दोघांचं एकमेकांशी पटेना, म्हणून दोघांनी आपापल्या काठाकडून बांधायला घेतलं. मधे गाठ पडली तर उंची जुळेना. मग झाकायला वर उंटाची पाठ केली. माझ्या सासूने सांगितलंय."

खडूमास्तर हसला. "आजी, ही झाली दंतकथा."

"आणि तुमच्या वहीत आहे ती?"

सुनेने मला डोळ्यांनी गप्प केलं. इतिहास म्हणजे काय, ज्याच्या हातात वही त्याची सासू खरी.

शुक्रवार, ७

ही मंडळी वारसा वारसा करतात, पण पुलावरून जायचं कसं हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. फुगवट्यामुळे समोरचं दिसत नाही आणि वर दोन गाड्यांना जागा नाही. म्हणून पुलावर पाऊल ठेवण्याआधी हाक मारायची, "येऊ का?" त्या टोकाच्या घरातून उत्तर यायचं, "ये" किंवा "थांब". इकडून जाणाऱ्याला पलीकडची उत्तर देते, कारण तिकडून कोण चढतंय ते तिला वरच्या खिडकीतून दिसतं. तिकडून येणाऱ्याला मी देते. आधी आमची सासू दोन्हीकडे धावायची, मग आम्ही दोघी दोन टोकांना झालो. कुणी नेमलं नाही, कुणी पगार दिला नाही. रिकामटेकड्या बायका, बसल्या आहेत खिडकीत, एवढंच.

तर पलीकडची आणि मी इतकी वर्षं या दोनच शब्दांवर आहोत, आणि तेही एकमेकींना नाही.

अपघात? झाला एकदा. बकरी मेली. बहिरी होती, हाक ऐकली नाही आणि सरळ चढली. बहिऱ्या जनावराने पुलावर जाऊच नये.

रविवार, ९

आज फुगवट्यावर पोस्टमन आणि भाजीवाला समोरासमोर. सायकल हातगाडीत घुसली, कांदे नदीत. पोस्टमन तिकडून आला होता. माझ्या दारात येऊन भांडतो, "आजी, मी तीनदा हाक मारली! तुम्ही उत्तर द्यायला नको?"

"मारली असतीस तर दिलं असतं."

"घसा बसला माझा!"

खोटारडा. हल्ली तिकडून कुणी हाकच मारत नाही. माजलेत. पलीकडचीही तशीच. पूर्वी तिचा "थांब" अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा, आता ओठ हलवल्यासारखं करते आणि आत जाते. माझ्यावरचा राग लोकांवर काढते, दुसरं काय.

आणि कुकर बिघडलाय. शिट्टी होत नाही. सून म्हणते, झाली, चार झाल्या. आजच्या पोरींना मोजता येत नाही. भात मऊ लगदा.

मंगळवार, ११

समितीने पुलाचं जतन सुरू केलं. म्हणजे बायका-पुरुष हातमोजे घालून आले, कठड्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, फोटो काढले, आणि "पूल वाचवा" असा कापडी फलक लावायला कठड्यात खिळे ठोकले. तिसऱ्या खिळ्याला दगडाचा पापुद्रा उडाला. इतकी वर्षं पुराने जे जमलं नाही ते समितीने एका दुपारी केलं. खडूमास्तर म्हणाला, "प्रतीकात्मक आहे." उडालेला तुकडा मी उचलून आणला. दार अडवायला बरा आहे.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत नाही. काटे मात्र फिरतात. मुलाला म्हटलं, सेल बदल. त्याने बदलला, तरी तेच. वस्तू हल्ली मुक्याच विकतात की काय.

नदीही गप्प झालीय. पाणी भरपूर आहे, पण पूर्वीसारखी बडबडत नाही. समितीची भाषणं ऐकून तिनेही तोंड मिटलं असेल.

गुरुवार, १३

सूनबाई आता मॅडम झाल्या. मला काही सांगायचं तर चिठ्ठी लिहितात. ताटाशेजारी चिठ्ठी: "आई, संध्याकाळी मीटिंग आहे." पाण्याच्या भांड्याखाली चिठ्ठी: "आई, डॉक्टरांकडे जाऊ या का?" अगं, समोर उभी आहेस, तोंड आहे, बोल की! मुलगा बोलतो, पण ओठातल्या ओठात. लहानपणी याला मी मोठ्याने वाचायला लावायचे, सगळं पाण्यात गेलं.

आणि डॉक्टर कशाला? मी धडधाकट आहे. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

दुपारी सून पत्रकं वाटायला पलीकडे गेली होती. पत्रकं मूठभर, आणि परत आली दिवे लागताना. वाटत होती की छापत होती? कुणाकडे बसलीस म्हटलं, तर मान फिरवून स्वयंपाकघरात. डोळे लाल होते. तिकडे कुणीतरी सुनावलं असणार. बरं झालं.

शनिवार, १५

ऐका. पलीकडचीचं डोकं फिरलं.

सकाळी खिडकीत बसले तर ती वरच्या खिडकीतून लाल गाऊन बाहेर काढून फडकावतेय. माझ्याकडे बघून. मी काय बैल आहे? मग गाऊन आत, आणि उशीचा पांढरा अभ्रा बाहेर. मग पुन्हा गाऊन. दिवसभर हेच. या वयात घरातले कपडे असे चव्हाट्यावर आणते. मोठ्या घरची मोठी सून म्हणवायची स्वतःला!

रविवार, १६

पुन्हा गाऊन. मी खिडकी आपटून बंद केली. मग उघडली. पुलाची जबाबदारी आहे, तिच्या नाटकासाठी कशाला बंद ठेवू.

बुधवार, १९

आता कळलं. तिच्या बाजूने कुणी पुलावर चढलं की लाल. रस्ता मोकळा असला की पांढरं. म्हणजे दोन शब्द होते, तेवढेही माझ्यासाठी खर्च करायला बाई तयार नाही. कपडे दाखवते! गर्व किती असावा माणसाला.

ठीक. ती बोलणार नसेल तर मीही माझा घसा का झिजवू? मुलाची शाळेतली लाल हाफपँट पेटीतून काढली, काठीला बांधली. पांढऱ्यासाठी मीटिंगच्या टेबलावरचा कपडा घेतला. इकडून कुणी चढलं की हाफपँट बाहेर. रस्ता मोकळा असला की टेबलक्लॉथ. पहिल्यांदा दाखवली तेव्हा पलीकडची खिडकीत नुसती उभी राहिली. मग दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्यासारखं केलं. मला चिडवते.

पण तिला चार दिवस जे करायला लागले ते मी एका सकाळीत केलं, एवढं नक्की. आणि दिवसभरात कुणाची कुणाशी टक्कर नाही. पोस्टमनसुद्धा जाताना हसला. त्याला काय हसायला झालं?

सून टेबलक्लॉथ शोधत होती. खिडकीत लटकलेला बघून आधी तोंडाचा आ केला. मग जाऊन दुसरा, धुतलेला पांढरा पंचा आणून दिला आणि टेबलक्लॉथ नेला. भांडलीसुद्धा नाही. समितीत गेल्यापासून ही पोर बिघडलीच.

मंगळवार, २५

आज खात्याचा साहेब आला. पूल पाडायचा की नाही ते हाच ठरवणार. समिती सकाळपासून नटून पुलाच्या तोंडाशी उभी. खडूमास्तरच्या हातात वही, सुनेच्या हातात फुलं. साहेबाने फुलं ड्रायव्हरकडे दिली, वहीकडे बघितलंही नाही, आणि म्हणाला की आधी गाडी घेऊन पुलावरून पलीकडे जाऊन येतो. हे मला नंतर सुनेच्या चिठ्ठीवरून कळलं. मी तेव्हा वर खिडकीत होते.

मी बघतेय, साहेबाची जीप चढाला लागली. हाक नाही, काही नाही. परगावचा ड्रायव्हर. आणि पलीकडच्या खिडकीत लाल गाऊन. नुसता लटकलेला नाही, बाई कमरेपर्यंत बाहेर वाकून तो डोक्याभोवती फिरवतेय. पडली असती म्हणजे?

मी हाफपँट हलवली. ड्रायव्हरला काय कळणार हाफपँट! मग जिना उतरले, दाराशी होता तो झाडू घेऊन धावले आणि जीपच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. झाडू बॉनेटवर हाणला.

साहेब खाली उतरून माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडायला लागला. सरकारी माणसं ओरडतातच. "आजी, बाजूला व्हा! सरकारी काम आहे!"

"लाल दिसत नाही का?"

"कुठे आहे सिग्नल?"

"तो काय, गाऊन!"

साहेबाने वर बघितलं. समितीने वर बघितलं. खडूमास्तरने वर बघून पटकन खाली बघितलं, सभ्य माणूस. आणि तेवढ्यात फुगवट्यावरून लाकडं भरलेला ट्रक वर आला आणि उतारावरून खाली सुटला. उतारावर भरलेल्या ट्रकला थांबवता येतं थोडंच? साहेबाच्या ड्रायव्हरने जीप मागे घेतली म्हणून वाचले, नाहीतर खात्याला आधी साहेबच नवा बांधायला लागला असता.

मग साहेबाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हे कोण बघतं?"

"तिकडचं ती. इकडचं मी."

"कधीपासून?"

"आमच्या आधी सासू बघायची."

"आणि अपघात?"

"एक बकरी. तीही तिच्याच चुकीने."

साहेबाने खिशातून कागद काढले, चाळले. म्हणाला, या पुलावर एकही अपघात नोंदलेला नाही, आम्हाला वाटलं कुणी नोंदच ठेवली नाही. खडूमास्तर पुढे होऊन चमत्काराचं सांगायला लागला, तर साहेबाने हात करून त्याला थांबवलं. त्या एका गोष्टीसाठी साहेबाला माझ्याकडून शंभर गुण.

मग तो सुनेला हळू काहीतरी म्हणाला. ओठ हलले फक्त. सून माझ्याकडे बघायला लागली, जशी मी काचेची आहे आणि तिच्या हातून पडणार आहे. साहेबही बघायला लागला. मी म्हटलं, "काय ते मोठ्याने बोला, मी काय चोरी केलीय?" मी झाडू उचलून घरी आले.

वर येऊन बघितलं तर पलीकडची अजून खिडकीत, गाऊन छातीशी धरून. मी पंचा दाखवला. रस्ता मोकळा. ती आत गेली.

बुधवार, २६

हात दुखतोय. बॉनेट कसलं टणक.

सोमवार, ८

खात्याचं पत्र आलं. पूल पाडणार नाहीत. जड गाड्या वरच्या अंगाला बांधायच्या नव्या पुलावरून जातील, या पुलावर फक्त हलकी वाहनं आणि पायी माणसं. दोन्ही घरं राहतात. आणि दोन्ही टोकांना विजेचे दिवे बसवणार, लाल आणि हिरवे, आपोआप बदलणारे.

समितीने पेढे नाही पण भाषणं वाटली. पुलाशी दगड बसवणार आहेत, त्यावर खडूमास्तरचं नाव, सुनेचंही. चमत्कार तोही कोरणार. मी सुनेला म्हटलं, "गाऊन पण कोरा." ती हसली आणि हसता हसता माझा हात धरला. मी सोडवून घेतला. भाजी करपत होती.

मुलाने संध्याकाळी डबी आणली. त्यात चण्याएवढं यंत्र, कानात घालायचं. मी म्हटलं, "मला कशाला? तुम्ही नीट बोलायला शिका, स्वस्तात पडेल." डबी ड्रॉवरमध्ये टाकली. तो तिथेच उभा राहिला. बोलला काहीतरी, नेहमीसारखं ओठातल्या ओठात.

शनिवार, २०

दिवे लागले. लाल, हिरवा, लाल, हिरवा. पुलावर कुणी असो नसो, आपले बदलत राहतात. मूर्खासारखे. पोस्टमन लाल दिव्यापुढे रिकाम्या पुलाकडे बघत उभा होता, मला बघून खांदे उडवले.

मी काठीची हाफपँट सोडून पेटीत टाकली. पलीकडची खिडकी सकाळपासून बंद. ना लाल, ना पांढरं. छान झालं. इतकी वर्षं खिडकीला जखडून ठेवलं होतं या पुलाने. आता दुपारी झोपायला मोकळी.

सोमवार, २२

झोप आली नाही. खिडकी बंदच आहे तिची. मुलीकडे गेली असेल. गेली तर गेली, सांगून जायला मी कोण लागते?

दिवसभर मशीनच्या पायाशी बसले. लिहायला काही नव्हतं. पाय हलवत होते.

मंगळवार, २३

सकाळी पडदा सारला तर पलीकडची खिडकी उघडी. आणि बाहेर पांढरा अभ्रा.

मी पुलाचं तोंड बघितलं. कुणी उभं नाही. समिती नाही, पोस्टमन नाही, कुत्रंसुद्धा नाही. दिवे आपले बदलतायत. मग ही रस्ता मोकळा आहे म्हणून सांगते कुणाला? वाटलं वाळत घातला असेल. पण वाळत घालायला मागे तिची दोरी आहे, मला माहीत आहे.

दुपारी तसाच. संध्याकाळी तसाच. वारा सुटला तरी आत घेतला नाही.

बुधवार, २४

अभ्रा अजून तिथेच. रात्रीच्या दवाने ओला झालाय, खाली लोंबतोय. तिच्यासारखी टापटीप बाई असा कपडा राहू देणार नाही. सुनेला दाखवला आणि विचारलं, "ही कुणाला ये ये करतेय? इकडे तर कुणीच नाही."

सुनेने चिठ्ठी लिहायला कागद घेतला. मग ठेवला. माझ्या समोर आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई. इकडे. तुम्ही. आहात."

हे काय उत्तर झालं?

मी चपला घातल्या. म्हटलं, जाऊन तिलाच विचारून येते, बाई, रिकाम्या रस्त्याला काय आमंत्रणं देतेस. मुलगा म्हणाला, हातगाडीवर मशीनचा पाय घालून मागून आणू का? म्हणजे तसं खुणेने दाखवलं. मी म्हटलं, आधी बघू तर दे तिने मशीनच्या डोक्याचं काय केलंय, गंजवून ठेवलं असणार. निघताना ड्रॉवरमधली डबी पिशवीत टाकली. पलीकडची पुटपुटणार, तो तिचा स्वभावच झालाय. आणि तिने काय म्हटलं ते नीट कळलं नाही तर उलट उत्तर काय देणार?

पुलाच्या तोंडाशी आले. सवयीने हाक मारली, "येऊ का?"

दिवा लाल होता. वर बघितलं, पलीकडचं फडकं पांढरं होतं. मी चालायला लागले.